शेपटीचे फुगे

सत्तरीला टेकलेल्या माणसाच्या पायांना दोन पट्ट्या बांधायच्या, हातात दोन काठ्या द्यायच्या आणि त्याला बर्फाच्या डोंगरावरून खाली सोडायचं, याला माझा मुलगा नोएल ‘चेंज’ म्हणतो.

माझी बायको मॉनिका गेल्यानंतरचा तो पहिला नाताळ. मरोळ गावठाणातल्या आमच्या घरात नाताळच्या दिवशी सकाळी तेलाची कढई चढायची. या वर्षी घराला कुलूप लावलं आणि आम्ही गुलमर्गला गेलो. “पप्पा, घरात राहिलात तर नुसते मम्मीच्या खुर्चीकडे बघत बसाल,” नोएल म्हणाला. बसलो असतो. खुर्चीकडे बघून कोणाचा हात मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

पडलात तर हातातली काठी सोडून द्या, असं तिथल्या शिकवणाऱ्याने आधीच सांगितलं होतं. मी पडलो तेव्हाही तो “छोड दो, अंकल, छोड दो” म्हणून ओरडत होता. मी सोडली नाही. दर मे महिन्यात मॉनिका आणि मी एकाच उखळापुढे समोरासमोर उभे राहून वर्षाचा मसाला कुटायचो. एकदा तिचं मुसळ, एकदा माझं. काही झालं तरी हातातलं सोडायचं नाही, सोडलं तर समोरच्याच्या पायावर पडतं, हे लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने मला शिव्या घालून शिकवलं होतं. म्हणून मी काठी धरूनच पडलो आणि उजवा अंगठा उलटा मागे गेला. समोर कोणाचे पाय नव्हते.

अंधेरीच्या डॉक्टरने सांगितलं, अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धं फाटलंय. “स्कीइंग करणाऱ्यांना होतं हे,” तो म्हणाला, जणू मला मेडलच मिळालं होतं. मी एमआयडीसीत लेथवर नोकरी केली आणि दहाही बोटं शाबूत घेऊन रिटायर झालो. अंगठा घालवला तो बर्फावर, चैन करताना. गावठाणात लोक विचारायला यायचे आणि हसू दाबायचे. “इसिडोर, आता पुढच्या वर्षी विमानातून उडी मारणार काय रे?” मी हाताला बांधलेला प्लास्टिकचा पट्टा त्यांना दाखवायचो आणि दार लावायचो.

अंगठ्याचं मला एरवी काही वाटलं नसतं. पण फेब्रुवारीत, लेंटचे चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आधी, मॉनिकाचा वर्षाचा मिस्सा होता, चर्चमधली वर्षश्राद्धाची प्रार्थना. मिस्सा झाला की माणसं घरी येणार आणि त्यांच्यापुढे फुगे ठेवायला लागणार. आमच्यात फुग्यांशिवाय कार्य होत नाही, बारसं असो की मयत. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून पीठ आंबवायचं. मग ते मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची, आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधून वर आलेला गोळा अंगठ्यानेच तोडून तेलात टाकायचा. सगळा खेळ अंगठ्याचा. तोडणं जमलं की गोल फुगा. नाही जमलं की मागे शेपटी राहते. शेपटीच्या फुग्याला मॉनिका बेडकाचं पिल्लू म्हणायची आणि पाहुण्यांच्या ताटात जाऊ द्यायची नाही.

तिला हे तिच्या मोठ्या बहिणीने, गोराईच्या रेजिनाने शिकवलं. मला तिने शिकवलं ते शेवटच्या वर्षी, तिच्यात उभं राहायची ताकद उरली नव्हती तेव्हा. ती स्वयंपाकघरात खुर्चीत बसून सांगायची आणि मी कढईपुढे उभा. रेजिनाचे गुडघे गेलेत, ती आता चुलीपुढे उभी राहत नाही. म्हणजे आमच्या घरात मॉनिकाचा फुगा पाडता येणारा मी एकटा उरलो होतो, आणि मला नेऊन बर्फात पाडलं.

“क्लिफर्डला ऑर्डर देऊ ना,” नोएल म्हणाला. क्लिफर्ड लग्नांची जेवणं करतो. त्याचे फुगे सगळे एका मापाचे, आत कापूस.

“तुझ्या आईच्या मिस्साला क्लिफर्डचे फुगे?”

“पप्पा, लोक फुगे बघायला येत नाहीत.”

“मग काय तुझं तोंड बघायला येतात?”

त्याची बायको व्हेनेसा मध्ये पडली. ती वांद्र्याची. “पप्पा, डॉक्टरने जोर लावायला मना केलंय.” डॉक्टरने मना केलंय हे तिचं आवडतं वाक्य आहे. मॉनिकाला मीठ मना, तिखट मना, करत करत बाई अळणी खाऊन मेली.

पट्टा निघाला आणि मला फिजिओथेरपीला पाठवलं. शर्मिष्ठा नावाची मुलगी. भिंतीवर समुद्रात पोहणाऱ्या म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्याचं चित्र, दोघांचे दात पांढरे. तिने माझ्या हातात हिरव्या पुट्टीचा गोळा दिला आणि म्हणाली, “अंकल, हळूहळू दाबा. चारही बोटांनी. अंगठ्याने चिमटा अजून नाही हं.”

मी ती पुट्टी मुठीत घेतली, आवळली, वर आलेला गोळा अंगठ्याने तोडला आणि तिच्या टेबलावर ठेवला. अंगठ्यातून कळ गेली, पण गोळा गोल होता. शेपटी नाही.

“अहो, हेच नको म्हणाले ना मी!”

“गोल आहे की नाही ते बोल.”

“गोल काय अंकल? तुम्हाला काय करायचंय नक्की?”

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सो स्वीट. पण दोन-चार कराल, शंभर नाही करू शकणार. मूळ अजून कच्चं आहे.”

मला स्वीट म्हणणाऱ्या माणसाचं मी पुढचं ऐकत नाही. घरी येऊन रोज पुट्टीचे फुगे पाडले. खिडकीत रांग लावली. शेजारच्या मांजराने एक तोंडात धरून टाकून दिला. बहुतेक क्लिफर्डचा समजलं.

मिस्साच्या दिवशी दुपारी मी कढई चढवली. पीठ चांगलं वर आलं होतं. पहिला फुगा टाकला, गोल. दुसरा गोल. नोएल दारात हाताची घडी घालून उभा होता, त्याच्याकडे मी मुद्दाम बघितलं. अजून काही घाणे निघाले आणि अंगठा थरथरायला लागला. मूठ आवळत होती, पीठ वर येत होतं, पण अंगठा तोडायला पुढे येईना. पीठ हातातून कढईपर्यंत लोंबलं. शेपटी. पुढचा, शेपटी. डाव्या हाताने करून बघितलं तर गोळ्याऐवजी दोरी पडली. पातेलं अजून काठोकाठ भरलेलं.

“क्लिफर्डला फोन करू?” नोएलने विचारलं. अगदी हळू. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“कर. संध्याकाळी आईसाठी गुडघे टेकायलाही त्यालाच सांग.”

त्याने फोन केला नाही. व्हेनेसाने अंगठ्या काढून खिडकीत पुट्टीच्या रांगेशेजारी ठेवल्या, हात धुतले आणि उजवा सरळ पातेल्यात घातला. तेल उडालं, ती किंचाळली, कढईत पडलं ते बेडकाचं पिल्लूसुद्धा नव्हतं. पाल होती.

“अगं, साबण आहे का तो? घट्ट धर!”

“धरलंय, पप्पा!”

“अंगठा कुठाय? अंगठा वर आण. तोड. तोड म्हटलं तर ओढतेस काय?”

मग नोएलनेही बाह्या सारल्या. आईने त्याला लहानपणी कधी कढईजवळ येऊ दिलं नव्हतं, चटका बसेल म्हणून. तो बँकेत मॅनेजर आहे आणि मुठीतलं पीठ त्याच्या कोपरापर्यंत आलं. दोघांचे हात एकमेकांत. मला मागून काही दिसेना. नीट दिसायची एकच जागा होती, म्हणून मी मॉनिकाच्या खुर्चीत बसलो. वर्षभर तिच्यात कोणी बसलं नव्हतं. तिथून कढई आणि हात दोन्ही बरोबर दिसतात.

तिथून मी त्यांना खूप बोललो. पीठ संपेपर्यंत बोललो. शेवटी शेवटी व्हेनेसाच्या शेपट्या आखूड झाल्या. गोल म्हणता येणार नाही.

मिस्सा झाला. माणसं आली, खाल्लं. “अगदी मॉनिकासारखे झालेत,” ज्याने त्याने सांगितलं. फुग्याला हाताच्या बोटाएवढी शेपटी आणि हे म्हणतात मॉनिकासारखे. चर्चमधून नुकतेच आले होते, तेवढीसुद्धा लाज नाही. नोएल प्रत्येकाला थँक्यू म्हणत होता.

रेजिनाला रिक्षातून उतरवून आणलं होतं. ती व्हरांड्यात बसली. मी ताट नेलं. तिने एक फुगा उचलला, शेपटीला धरून डोळ्यांपुढे फिरवला, मग खाल्ला. सावकाश.

“हे मॉनिकाचे नाहीत रे, इसिडोर.”

“नाहीत, बाय.”

“तिने कुत्र्यालासुद्धा घातले नसते असले.”

“नसते घातले.”

“कोणी केले?”

मी आत बोट दाखवलं. व्हेनेसा रिकामी ताटं गोळा करत होती. मनगटावर तेलाचा लाल डाग.

रेजिनाने तिच्याकडे बघितलं. मग माझ्या अंगठ्याकडे. तो मुळापाशी लिंबाएवढा सुजला होता.

“पीठ बरोबर आहे,” ती म्हणाली. “मे महिन्यात मसाल्याला तिला घेऊन ये गोराईला. तुझा तर हात गेला.” आणि ताटातले आणखी दोन उचलून तिने रुमालात बांधले.