टेबलावरची पाण्याची बाटली

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं. एक मोठी खोली मनात आणा. पुढे उंच चौथरा, त्यावर भली मोठी खुर्ची. खुर्ची रिकामी आहे आणि तिच्यावर धूळ साचली आहे. शेजारी तशीच दुसरी खोली, तिथलीही खुर्ची रिकामी. तिसऱ्या खोलीत मात्र एक वयस्कर न्यायाधीश बसलेत, आणि तिन्ही खोल्यांतली माणसं त्यांच्याच दाराशी दाटीवाटीनं उभी आहेत. दिसलं? मग चला आत.

या कोर्टात भिंगरीची आई वकील होती. ज्यांना वकील लावणं परवडत नाही त्यांची बाजू ती मांडायची, आणि तिचा पगार सरकार द्यायचं. भिंगरीचं खरं नाव वेगळं. पण तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. बुद्धिबळाचा पट मांडला की मात्र ती गप्प बसे. तेही समोर आई असली तरच.

एक डाव अर्ध्यावर राहिला होता. खेळी आईची होती. पट कपाटावर उचलून ठेवलेला. एकदा धूळ पुसताना बाबांच्या हातून घोडा पडला, तर भिंगरीनं घर डोक्यावर घेतलं.

"अगं, मी खेळतो की तुझ्याशी," बाबा म्हणाले.

"पण खेळी तुमची नाहीये ना!"

आई अंधार पडल्यावर घरी यायची, बूट काढता काढता पटाकडे बघायची आणि म्हणायची, "उद्या नक्की."

"कालचा उद्या संपला वाटतं," भिंगरी म्हणायची.

"काय करू ग? न्यायाधीश एकटेच. एकेकाची केस महिनोन्‌महिने खोळंबते. कोठडीतला माणूस विचारतो, बाई, माझं काय झालं? दर वेळी त्याला तेच तेच सांगून माझं तोंड दुखतं. त्या दोन खुर्च्या भरू देत. कामं उरकतील, आणि मग बघ तुझा राजा कसा कोपऱ्यात गाठते!"

झालं, भिंगरीनं खुर्च्यांचा ध्यास घेतला. रोज संध्याकाळी दार उघडायच्या आधीच तिचा प्रश्न तयार. "भरल्या?"

आणि एक दिवस खरंच भरल्या. दोन नवे न्यायाधीश आले. त्या दिवशी भिंगरीनं पट खाली काढला, एकेक सोंगटी पुसली आणि दाराशी जाऊन बसली. आई आली ती नेहमीपेक्षाही उशिरा.

असं का झालं असेल? विचार करा. आता तिन्ही खोल्यांत एकाच वेळी काम चालू झालं. साचलेल्या केसेस भराभर बाहेर आल्या. पण गरिबांची बाजू मांडणारे वकील किती? पूर्वीइतकेच, दोन. एक आई आणि दुसरे दाढीवाले काका. खुर्च्या भरताना या दोघांच्या जोडीला आणखी कोणी लागेल, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागणी वर पाठवली होती. उत्तर आलं नव्हतं.

"मी आता दाढी एका खोलीत ठेवणार आणि कोट दुसरीत," काका म्हणत. "उरलेला मी तिसऱ्या खोलीत येईन!"

त्यातूनच त्या दोघांनी एक रीत पाडली. शेजारच्या खोलीत पळायचं असलं की टेबलावर आपली पाण्याची बाटली ठेवायची. बाटली दिसली की न्यायाधीश समजत, वकील इमारतीतच आहे, आत्ता येईल. आणि थोडा वेळ थांबत. टेबल मोकळं दिसलं, तर केस पुढच्या महिन्यावर जाई. आईच्या तोंडून हे भिंगरीनं कितीदा तरी ऐकलं होतं.

एके दिवशी शाळा लवकर सुटली, म्हणून बाबांनी भिंगरीला आईकडे कोर्टात सोडलं.

"आज शेवटचं एकच काम," आई म्हणाली. "ते झालं की थेट घरी, आणि थेट पटावर. पळ, ही बाटली तेवढी भरून आण."

भिंगरी नळावरून परतली तेव्हा आई नव्हती. शेजारच्या खोलीतून अचानक पुकारा झाला तशी ती धावली होती. भिंगरी भरलेली बाटली मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली.

बाकावर एक म्हातारी आजी होती. तिच्या पिशवीतून घडी केलेला निळा शर्ट डोकावत होता.

"कुणाचा हो?" भिंगरीनं विचारलं.

"माझ्या लेकाचा. आज सोडतील म्हणतायत वकीलबाई." आजीनं शर्टावरून हात फिरवला. "आत गेला तेव्हा उन्हाळा होता. अंगावरचा सदरा विटला असेल बघ. तू कुणाची ग?"

"वकीलबाईंचीच."

"अगोबाई! मग तुझंही वाट बघणंच चाललंय की."

भिंगरीला हसू आलं.

तेवढ्यात शिपायानं आजीच्या लेकाचं नाव पुकारलं. नव्या न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून टेबलाकडे पाहिलं. टेबल मोकळं होतं.

"बचावाचे वकील नाहीत?"

आजी अर्धवट उठून उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी पुढच्या महिन्याची तारीख लिहायला पेन उचललं.

भिंगरीच्या लक्षात आलं. ही केस पुढे गेली, की आईचं आजचं काम संपलं. शेजारच्या खोलीतून ती बाहेर येईल आणि दोघी उजेडातच घरी जातील. आईचा हात हातात असेल, बाहेर ऊन असेल. पट मांडलेलाच आहे. फक्त बसून राहायचं. काहीही करायचं नाही.

बाटली गार होती. बाहेरून पाणी सुटून तिचा फ्रॉक मांडीवर ओला झाला होता.

शेजारी आजी शर्टाची घडी उलगडत होती आणि पुन्हा घालत होती.

भिंगरी उठली. सगळे बघत असताना ती बाकांमधून चालत पुढे गेली, टाचा उंचावल्या आणि बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

"आई शेजारीच आहे," ती म्हणाली. "येतेच आहे ती. तुम्ही थांबा."

आणि मग ती आईच्या खुर्चीत चढून बसली, अगदी न हलता, दाराकडे डोळे लावून.