चिमणीचा पांढरा झगा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला हत्यारांइतकंच तोंडही चालवावं लागतं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं घाबरलेली असतात. दाराच्या फटीतून त्यांच्याशी गप्पा मारत मारत काम उरकायचं असतं. चिमणीच्या बापाने वीस वर्षं हेच केलं होतं. पण सासूबाई समोर आल्या की त्याची बोबडी वळायची.

त्याला कारण होतं. तो जन्मापासून मॉर्मन, म्हणजे एका वेगळ्या ख्रिस्ती पंथाचा. बायकोने लग्नानंतर आपणहून तो पंथ स्वीकारला. नोंदणी कचेरीत लग्न झालं तेव्हा सासूबाई पहिल्या रांगेत होत्या आणि टाळ्याही सगळ्यात मोठ्याने त्यांच्याच. पण वर्षाने दोघं पंथाच्या मंदिरात गेली, तिथल्या विधीने कायमची बांधली जायला. मंदिरात पंथाबाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो. नवे कपडे घालून आलेल्या सासूबाई दोन तास बागेतल्या बाकावर बसून राहिल्या. त्यावर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर दहा वर्षं, मंदिर तर राहोच, गल्लीच्या टोकाला रविवारी सगळे जमतात त्या साध्या चर्चची पायरीही त्या चढल्या नाहीत.

आता चिमणी आठ वर्षांची झाली. या पंथात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. मूल आठ वर्षांचं झालं, त्याला बरंवाईट कळायला लागलं की करतात. चिमणी थेट आजीच्या शिवणाच्या दुकानात जाऊन उभी राहिली. "आजी, माझा पांढरा झगा तूच शिवायचा."

चिमणी सोडून सासूबाई कुणालाही ‘नाही’ म्हणू शकायच्या. तरी त्यांनी अट घातलीच. "कशासाठी शिवतेय ते कळल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. बापाला पाठव तुझ्या."

मंगळवारी काम सुटल्यावर बाप दुकानात हजर झाला. दुकान म्हणजे एकच खोली. दोन शिलाई मशिनं, कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात वाफाळणारी इस्त्री. सासूबाईंच्या हाताखाली दोघं होती, काज-बटण करणारी काजवाली आणि इस्त्रीवाले काका. दोघांनीही हातातलं काम बाजूला ठेवलं होतं.

"बसा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "हे दोघंही ऐकणार आहेत. माझ्यापेक्षा यांनाच जास्त उत्सुकता."

काजवालीने आडपडदा ठेवला नाही. "दादा, राग मानू नका. तुमच्यात चार-चार बायका करतात म्हणे?"

"पूर्वी काही जण करायचे. ते बंद होऊन शंभर वर्षं उलटली. आता कुणी केल्या तर त्याचं नावच काढून टाकतात."

"एकीलाच सांभाळताना यांची दमछाक होते," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

"आणि चहा?" काकांचा खरा प्रश्न हा होता. "चहाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"शरीर जपा अशी आम्हाला शिकवण आहे, काका. चहा, कॉफी, दारू, तंबाखू, यातलं काही नाही. चहाच का, हे मलाही नीट सांगता यायचं नाही. देवाचं सांगणं आहे असं मानतो, म्हणून पीत नाही."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू घरात काही वाईट घडलंय.

"रविवारी करता तरी काय?" काजवाली म्हणाली.

"गाणी म्हणतो, प्रार्थना करतो. पावाचे तुकडे आणि पाण्याचे इवलेसे पेले रांगेतून फिरतात, येशूची आठवण म्हणून. बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेला शब्द दर आठवड्याला मनाशी पुन्हा द्यायचा. मग आमच्यातलेच दोघं-तिघं उठून बोलतात. पगारी धर्मगुरू नाहीत आमच्याकडे. आमचे बिशप, म्हणजे इथल्या मंडळीचे प्रमुख, चष्म्याचं दुकान चालवतात."

"म्हणजे तुम्हीही बोलता?"

"पाळी आली की. मागच्या खेपेला पाय लटपटत होते."

सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी तोंडातल्या टाचण्यांमागे लपवलं. थोड्या वेळाने काजवाली आणि काका घरी गेले. सासूबाईंनी दिवा टेबलावर ओढला.

"त्या दिवशी तुम्ही आत काय केलंत?"

कुठला दिवस, हे त्याला विचारावं लागलं नाही. "सगळं सांगता येत नाही, आई. पवित्र मानतो म्हणून बाहेर बोलत नाही. पण तुम्हाला हवंय ते सांगतो. आम्ही दोघं समोरासमोर गुडघे टेकून बसलो, एकमेकांचा हात धरला. मरणानेही हे नातं तुटणार नाही, मुलंबाळं आपलीच राहतील, अशी गाठ तिथे बांधली जाते. फार तर दहा मिनिटं. बाकीचा वेळ तयारीचा."

"म्हणजे वर गेल्यावरही ती तुमची." सासूबाई कापडावर हात फिरवत होत्या. "आणि माझी कोण?"

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना सांगायची सगळी वाक्यं त्याला पाठ होती. त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

"तिला तुमच्यापासून तोडणारा देव मला माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "गेलेल्या माणसांच्या नावानेही आमच्यात हे विधी करतात, म्हणजे तीही आपल्या माणसांशी जोडली जातात. त्यांनी तिकडे हवं तर स्वीकारावं, नको तर राहू दे."

"मेल्यावर माझ्या मागे लागलात तर याद राखा."

"तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही." मग दहा वर्षं मनात राहिलेलं तो बोलून गेला. "आई, त्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी बाहेर तुमच्याजवळ बसायला हवं होतं. माझी बहीण आनंदाने बसली असती. मला सुचलंच नाही. चुकलं माझं."

सासूबाईंनी खडूने कापडावर एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. "बाही मनगटापर्यंत ना?" त्यांनी विचारलं.

शनिवारी सकाळी त्या चर्चमध्ये आल्या. एकट्या नाही, काजवाली आणि काकांना घेऊन. काकांनी ठेवणीतला पितळी बटणांचा कोट चढवला होता. खोलीच्या टोकाला सरकती दारं होती. ती उघडल्यावर खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि छातीभर पाण्याचा छोटा हौद दिसला. बाप पांढऱ्या कपड्यांत आधी उतरला, मागून चिमणी. झगा नुसता बघत राहावा असा झाला होता. घेर तर असा, की तिघींना पुरला असता.

या बाप्तिस्म्यात माणूस पुरता पाण्याखाली जावा लागतो, केसाचं टोक किंवा कपड्याचा काठसुद्धा वर राहून चालत नाही. ते पाहायला दोन साक्षीदार असतात. एक बिशप होते, दुसरी चिमणीची आई.

बापाने उजवा हात उंचावून ठरलेली प्रार्थना म्हटली, चिमणीने नाक दाबलं, आणि त्याने तिला अलगद पाण्यात आडवं केलं. चिमणी गेली खाली, पण झगा गेला नाही. घेरात हवा भरून तो फुग्यासारखा टम्म वर आला.

बिशपांनी चष्मा सारखा केला. चिमणीच्या आईने आधी आपल्या आईकडे पाहिलं, मग हौदाकडे. "कपडा वर राहिला," ती हळूच म्हणाली. "पुन्हा."

दुसऱ्यांदाही तेच. काजवाली फिसकन हसली. चिमणीचे दात वाजायला लागले.

"थांबा!" सासूबाई उठल्या. "पोरीला बाहेर काढा. आणि काका, कोट इकडे द्या."

"माझा कोट? थंडी वाजतेय तिला?"

"बटणं हवीत मला!"

पर्समध्ये सुई-दोरा आणि छोटी कात्री त्यांच्याकडे कायम असायची. टॉवेल गुंडाळून पायरीवर बसलेल्या चिमणीसमोर त्यांनी फरशीवर बसकण मारली आणि ओल्या झग्याच्या खालच्या दुमडीत वजनासाठी एकामागून एक आठ बटणं टाकून टाके घातले. "पाण्यात जायचाय हे मला सांगितलं होतं," त्या जावयाकडे न बघता पुटपुटल्या. "चूक माझीच. घेर कमी ठेवायला हवा होता."

"नाही, आई. पुरतं बुडावं लागतं हे मीच सांगायला विसरलो."

तिसऱ्या वेळी झगा गुमान खाली गेला, काठासकट. साक्षीदारांनी माना डोलावल्या. चिमणी वर आली ती "आजी, झालं!" असं ओरडतच, आणि मग आजी रडल्या, अगदी हुंदके देऊन. काजवाली त्यांची पाठ चोळत राहिली. बिनबटणांचा कोट पोटाशी धरून काका प्रत्येकाला सांगत होते, "माझीच बटणं आहेत हं ती."

सासूबाईंनी पंथ काही स्वीकारला नाही. कुणी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चहा सुटायचा नाही, उगाच देवाला फसवायचं कशाला?" पण रविवारी मागच्या रांगेत त्यांची जागा ठरली. पावाचं ताट आलं की त्या ते दोन्ही हातांनी घेतात आणि न खाता जपून पुढे देतात. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे आता त्यांच्याच दुकानात शिवले जातात. गिऱ्हाइकाने विचारलं, हे कसले कपडे, की त्या मशीन थांबवतात आणि पाव, पाणी, चष्म्याचं दुकान चालवणारे बिशप, सगळं तपशिलात सांगतात. चार गोष्टी चुकतात. जावई तिथे असला तर ऐकून घेतो, आणि विचारल्याखेरीज दुरुस्ती करत नाही.