हैदराबादहून आलेला हात

२००२ साल. गडचांदूरच्या बाजारातल्या त्या हॉलपुढे सकाळपासून बायांची रांग. हाताच्या स्पर्शानं दुखणं घालवणारे एक बाबा म्हणे बसले होते हैदराबादेत आणि त्यांचा हात टेलिफोनच्या तारेतून इथं पोचत होता. टेबलावर फोन, कर्णा आणि वायर जोडलेली पितळी डबी. डबी दुखऱ्या जागी धरायची. कर्ण्यातून "दाबून राह्यलो, बाई" असा आवाज आला, की त्याच क्षणी डबी थरथरायची.

"तारेतून आवाज येते, तं हात काऊन नाई येणार?" बाबांचा चेला पत्रू विचारायचा. शिकलेली माणसंसुद्धा माना डोलवायची. मी मुबीन, टेलिफोनचा लाईनमन. त्या तारेतून साधा आवाज धड जावा म्हणून आम्ही खांबावर मरतो, आणि म्हणे हात!

शेजारच्या बायनाबाईच्या छातीत गाठ होती. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली ऑपरेशनची तारीख चुकवून ती तीन महिने इथं येत होती. "चाकूपेक्षा बाबाचा हात बरा, मुबीनभाऊ," म्हणायची.

त्या दिवशी तिचा नंबर लागला, तेव्हा मी बाहेरच्या खांबावरून हॉलची जोडणी काढली आणि आत गेलो.

"गाठ विरघळून राह्यली, बाई," कर्णा सांगत होता.

"बाबा, लाईन तं मी आत्ताच तोडली," मी ओरडलो. "तुम्ही बोलून राह्यले कुठून?"

कर्णा गप्प. डबी मात्र थरथरतच राहिली, कारण घाबरलेल्या बाबांना बटणावरचं बोट उचलायचं सुचलं नाही. वायर धरून मी मागच्या खोलीत शिरलो. नुसत्या बनियनवर बसलेले बाबा, पुढ्यात माईक, बटण आणि भज्यांची बशी. डबी फोडली, तर आत टेपरेकॉर्डरची मोटर आणि तिच्या दांड्यावर एकाच बाजूला शिशाचा तुकडा. तो फिरला की हादरे बसत.

लोक खदाखदा हसले. मीही हसलो.

बायनाबाईनं विचारलं, "मंग तीन महिने मले हात कोन लावत होता जी?"

तिला चंद्रपूरला नेलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कापून उपयोग नाही. दिवाळीच्या आत बायनाबाई गेली. जोडणी काढायला मला दोन मिनिटं लागली होती. तीन महिने मी नुसती टिंगल करत होतो.

तारेतून स्पर्श पाठवायचा शोध उद्या लागेलही. तो लावणारे लोक आपलं यंत्र उघडून दाखवतील, प्रश्न विचारले म्हणून रागावणार नाहीत. जो उघडू देत नाही, त्याच्या यंत्राला अंग लावू नका. आणि शंका आली, तर त्याच दिवशी विचारा.