टपालवालीसाठी बूट

गाव्रिलने उभ्या आयुष्यात बाईमाणसाचे बूट विकत घेतले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. त्याची बायको उल्याना होती तोवर घरातल्या सगळ्यांच्या पायात तिच्याच हातचे बूट असायचे. रेनडिअरच्या नडगीचं कातडं ती स्वतः कमवायची, दातांनी चावून चावून मऊ करायची आणि शिवायला बसायची. आधी नवऱ्याचे, मग मुलीचे, आणि काही उरलं तर स्वतःचे. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने शिवलेला शेवटचा जोड अजून गाव्रिलच्या पायात होता आणि अजून दहा वर्षं तरी तो हार जाणार नव्हता.

सायबेरियातल्या खातिन नावाच्या गावात गाव्रिल बॉयलरघरात कामाला होता. ऑक्टोबरपासून मेपर्यंत भट्टीत कोळसा टाकायचा, नळांतून गरम पाणी घरोघरी, शाळेत, दवाखान्यात खेळतं ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण ते एक दिवस चुकलं तर गाव गोठेल असं काम. तिथे रोज सकाळी अकराच्या सुमाराला फेवरोनिया यायची. ती गावची टपालवाली. पत्रं आता कोण लिहितं, पण पेन्शनी असतात, औषधांची पार्सलं असतात, शहरातल्या पोरांनी धाडलेली खोकी असतात. ते सगळं खांद्यावर घेऊन ती उणे पन्नासातही गावभर पायी फिरायची, आणि अर्धा गाव झाला की दहा मिनिटं बॉयलरघरात टेकायची. पायातले दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे जाड बूट काढायची, पाय नळाजवळ धरायची, गाव्रिलने दिलेला दुधाचा चहा प्यायची आणि कोणाच्या घरी काय चाललंय ते सांगायची. दोघं लहानपणी एकाच शाळेत होते. तिने लग्न केलं नाही. आईचं केलं, मग भावाचं केलं, आणि आता दोघंही नव्हते. पायातले बूट त्या भावाचेच होते, भलेमोठे. ते पायात राहावेत म्हणून ती आत फडकी कोंबायची.

डिसेंबरातल्या एका सकाळी तिने बूट काढले तेव्हा उजव्या पायाचा अंगठा मेणबत्तीसारखा पांढराफटक दिसला. गाव्रिल खाली बसला, तिचा पाय दोन्ही तळव्यांत धरला आणि रंग परत येईपर्यंत तसाच धरून बसला. फेवरोनियानेही पाय काढून घेतला नाही. अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वेदनेचं होतं असं तीच म्हणाली.

"नवे बूट घे ना," तो म्हणाला.

"घेईन. हा हिवाळा निघू दे."

"तू गेल्या वर्षी हेच म्हणालीस."

"मग या वर्षी वेगळं काय म्हणू? तेवढ्याचसाठी शहरात कोण जाणार?"

ती गेल्यावर गाव्रिल बाहेर आला. अंगणातल्या ताज्या बर्फात तिची पावलं उमटली होती. त्याने विलोच्या झुडपाची एक काटकी घेतली, एका पावलावर लांबीला धरली, टाचेपासून पुढच्या टोकापर्यंत मोजली आणि नेमकी तेवढी मोडून खिशात टाकली. पुढल्या आठवड्यात त्याला डोळे दाखवायला याकुत्स्कला जायचंच होतं.

शहरात त्याची मुलगी आयतालिना राहत होती. चौतिशीची, बालवाडीत पोरांना गाणी शिकवायची, एकटीच होती आणि बापावर जीव टाकायची. फोनवर गाव्रिल तिला एवढंच म्हणाला होता की बायकांचे बूट घ्यायचेत, मला त्यातलं कळत नाही, तू बरोबर चल. कोणासाठी, हे त्याला सांगायचं होतं. पण फोनवर ते जिभेवर येईना, आणि मुलीनेही विचारलं नाही. भेटल्यावर सांगू, म्हणून त्याने ते ठेवून दिलं.

सहा तास गाडीत खडखडत तो शहरात पोचला. आयतालिना थेट दवाखान्यातच आली. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, तपासलं, मोतीबिंदूला अजून अवकाश आहे म्हणाल्या आणि सोडलं. थेंबांमुळे मात्र गाव्रिलला सगळं धुरकट दिसायला लागलं. तसंही बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची बस फक्त आवाजावरून कळत होती. मुलीने त्याचा दंड धरला आणि दोघं बाजारात गेले. बाहेर दगडासारखे गोठलेले मासे पेट्यांमध्ये शेपट्या वर करून उभे होते. ते ओलांडून दोघं पादत्राणांच्या मंडपात शिरले.

आक्सिन्या नावाची बाई तिथे बसायची. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. तिच्या मागे भिंतभर बूट टांगलेले होते, तपकिरी, राखाडी, पांढरे, वर मण्यांच्या पट्ट्या. गाव्रिलला रंग नीट दिसत नव्हते, म्हणून तो हातांनी बघायला लागला. बुटांवरचे केस उलटे फिरवायचा, चिमटीत धरून ओढायचा, शिवण नखाने दाबायचा.

"काका, आंधळी कोशिंबीर खेळताय का?" आक्सिन्या म्हणाली.

आयतालिना हसली आणि बाबांच्या डोळ्यांत थेंब घातलेत असं तिने सांगितलं. मग बाक ओढून बसली, स्वतःचे बूट काढले आणि एक पांढरा जोड पायात घातला. दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली. मग दुसरा जोड. तिची पावलं जमिनीवर हलकी पडत होती आणि ती गुणगुणत होती. गाव्रिलला वाटलं, पोरगी घालून बघतेय, चांगलं आहे, दुसऱ्यासाठी घ्यायचं तर कोणीतरी घालून बघायलाच हवं.

तेवढ्यात ती त्याच्या शेजारी येऊन टेकली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून माझ्या पायात धड बूटच नाहीत. मी कधी बोलले नाही. तुम्हाला कसं कळलं?"

 आता तोंड उघडावं तर पोरीचं मन मोडणार, न उघडावं तर ज्या कामाला आलो ते राहणार. एकच जोड परवडणार होता.  पैसे काढावेत आणि पांढरे बूट बांधून घ्यावेत, असं त्याने जवळजवळ ठरवलंही. त्या पांढऱ्या अंगठ्याचं नंतर बघू. पण नंतर म्हणजे कधी? जानेवारी तोंडावर आला होता.

तेवढ्यात आक्सिन्याने माप विचारलं. पोरीच्या पायात होते ते सदतीस नंबरचे. किंचित सैल हवेत का, आत जाड मोजे घालणार का? प्रश्न कानावर पडला आणि गाव्रिलचा हात आपसूक खिशात गेला. बाहेर आली ती काटकी.

आक्सिन्याने ती हातात घेतली, बुटाला लावली. काटकी चार बोटं लांब भरली.

"हे काय, पाय मोजलाय की नदीतला मासा?"

आयतालिनाने आधी काटकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे, मग बापाकडे. गाव्रिलला तिचा चेहरा धुरकटच दिसत होता. पण तिचं गुणगुणणं थांबलेलं त्याला ऐकू आलं.

"कोणाचा पाय आहे हा?" तिने विचारलं.

"फेवरोनियाचा," तो म्हणाला. "टपालवाली. तिचा अंगठा गोठला होता."

मुलगी वाकली, पांढरे बूट एकेक करून काढले, त्यांचे केस हाताने सारखे केले आणि ते फळीवर परत ठेवले. मग चहा आणते म्हणून बाहेर गेली. गाव्रिल बाकावर मान खाली घालून बसला. आक्सिन्याने एक उशी काढून त्याच्या पाठीशी सरकवली, एवढंच.

आयतालिना बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात चहाचे तीन कप होते, आक्सिन्यासाठीही एक. डोळे रडलेले असतील तर ते गाव्रिलला दिसले नाहीत. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"आईला तुम्ही कधी बूट घेतले होते का?"

"नाही," गाव्रिल म्हणाला. "ती शिवायची. मला कधी सुचलंच नाही, की तिच्यासाठी कोणी शिवत नाही. आता सुचतंय तर ती नाही."

आयतालिनाने कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली की ती कॉलेजात होती तेव्हा आईने धाडलेली लोण्याची आणि मांसाची खोकी टपालात अडकू नयेत म्हणून ही फेवरोनिया मावशीच गाडीवाल्यांच्या हातापाया पडायची. एकदा तर खोकं खांद्यावर घेऊन नदीकाठी थांबलेल्या गाडीपर्यंत चालत गेली होती. हे गाव्रिलला ठाऊकच नव्हतं.

"रोज किती चालते ती?" तिने विचारलं.

"दहा-अकरा किलोमीटर."

"मग पांढरे कामाचे नाहीत. महिन्यात कोळशाने काळे होतील." ती उठली. तिचा आवाज आता बालवाडीतल्या बाईंसारखा झाला होता. "रबराचा तळही नको, ताई. थंडीत तो लाकडासारखा होतो. नमद्याचा दाखवा, दुहेरी. आणि खाली रेनडिअरच्या खुरांमधल्या केसाळ कातड्याचा तुकडा लावलेला असेल तर तोच, म्हणजे घसरणार नाही."

आक्सिन्याला आता खरं गिऱ्हाईक भेटलं. दोघींनी मिळून भिंत अर्धी रिकामी केली. हा जोड शहरात मिरवायचा, हा मशीनवर शिवलेला, याचं कातडं उन्हाळ्यातलं म्हणून केस गळतील. शेवटी एक गडद तपकिरी जोड उरला, गुडघ्यापर्यंतचा, मणी नसलेला, शिवण जनावराच्या स्नायूंपासून काढलेल्या दोऱ्याची. गाव्रिलने केस ओढून पाहिले. एकही हातात आला नाही. पण माप कुठलं घ्यायचं? काटकी खरी मानली तर हे बूट हत्तीलाच व्हायचे.

"काका, माप कशाचं घेतलंत?" आक्सिन्याने विचारलं. "पायाचं की बुटाचं?"

गाव्रिलने विचार केला आणि कपाळाला हात लावला. ते भावाचे बूट. पाय मोजला होता तो मेलेल्या माणसाचा.

आयतालिनाने फोन काढला. तो नको नको म्हणत असतानाच तिने नंबर लावला आणि फोन तिघांना ऐकू येईल असा धरला.

"फेवरोनिया मावशी, मी आयतालिना. तुमच्या पायाचं माप सांगा."

"का गं?"

"बाबा बाजारात काटकी घेऊन उभे आहेत, म्हणून."

 मग फेवरोनिया म्हणाली, "अडतीस." आणि थोड्या वेळाने, "पण त्याला सांग, पोटऱ्या जाड आहेत माझ्या." आणि मग, "बाई गं, तू रागावली नाहीस ना?"

आयतालिनाने एकदा बापाकडे पाहिलं. "रागावले होते," ती म्हणाली. "चहा प्यायले."

किमतीवरून थोडी घासाघीस झाली. आक्सिन्याने हजार रूबल सोडले आणि वर नमद्याचे आतले तळवे फुकट दिले. निघताना गाव्रिल मुलीला म्हणाला की पुढच्या महिन्याचा पगार आला की तुझे पांढरे. ती म्हणाली, पांढरे नकोत. आईचं शिवायचं सामान अजून पेटीत आहे का? सुया, दोरा, ते लाकडी साचे? मार्चमध्ये सुट्टी मिळाली की मी येते, स्वतःच शिवून बघते. पहिला जोड वाकडा होईल, तो तुम्ही घालायचा.

गाव्रिल गावी परतला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फेवरोनिया आली. त्याने बूट पुढे ठेवले. पोटऱ्यांशी ते जरा घट्ट बसले, पण बसले. तिने वाकून बुटांच्या केसांवरून हात फिरवला, चहा अर्धाच प्यायली आणि निघून गेली. भावाचे जुने बूट तिने काखेत मारून नेले. ते टाकायला तिचं मन झालं नाही. दुपारपर्यंत अख्ख्या गावाने नवे बूट पाहिले होते, आणि कोळसा आणणारा ड्रायव्हरसुद्धा गाव्रिलकडे बघून उगाच खोकायला लागला.

पण पुढच्या दिवशी फेवरोनिया आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. खिडकीतून तिला जाताना त्याने पाहिलं, दमदार, झपाझप. पाय गरम होते, थांबायचं कारणच उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी गाव्रिलने चहा केला आणि दोघांचा एकटाच प्यायला. आपणच घेऊन दिलेल्या बुटांवर त्याला राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचं हसूही आलं.

रविवारी त्याची पाळी नव्हती. त्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, गोठलेल्या दुधाची एक चकती पिशवीत टाकली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तिच्या घरी गेला. दार लोटलं तर आत घावनांचा वास भरला होता. फेवरोनिया चुलीशी उभी होती. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती.

"ये," ती मागे न वळताच म्हणाली. "आठवडाभर मी गावभर फिरायचं आणि तुझ्याकडेही मीच यायचं, असं होय? म्हटलं, बघू तरी, या माणसाला पाय आहेत की नाही."

गाव्रिलने दार लावून घेतलं आणि पिशवीतलं दूध कुठे ठेवू म्हणून विचारलं. तिने सांगितलं तिथे ठेवलं. मग टोपी काढली, खुंटीवर टांगली आणि जेवायला बसला.