हलका हात

“रिकामा हात बघून आजारी माणूस घाबरतो गं पोरींनो! काही नाही तर चादर तरी सारखी करा.”

ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी मोठ्या सिस्टर वॉर्डाच्या दारातून असं ओरडायच्या. त्याला जमाना लोटला. पण आज सकाळी तो आवाज पुन्हा कानाशी आला आणि तिनं मघाशीच सारखी केलेली चादर ओढून काढली, झटकली, कोपरे दुमडून गादीखाली खोचले. मग पडदे उतरवले. ते परवाच धुतले होते.

“सिस्टर, पडद्यांना न्यूमोनिया होईल,” मागच्या बागेतून नवऱ्याचा आवाज आला. “बिचारे वाळतात न वाळतात तोवर पुन्हा आंघोळ!”

“तुम्ही तुमची माती उकरा हो.”

तिचा अर्धा जन्म इस्पितळात उभ्यानं गेला होता. मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हा तिनं नवऱ्यासकट सगळ्यांना एकच सांगितलं, पुरे झालं, कंटाळा आला. खरं काय ते तिचा उजवा हात जाणत होता. कुंडी उचला, फरशी घासा, धुणं पिळा, अशा दांडग्या कामाला तो शहाण्यासारखा वागायचा. बारीक काम समोर आलं, की बोटं वाऱ्यातल्या पानासारखी थरथरायची. म्हणून चहा ती अर्धा कपच ओतायची. सुईदोऱ्याचा डबा वरच्या फळीवर गेला होता. आणि घरात शिरलेल्या चिमणीला बाहेरची वाट सापडू नये, तशी ती या कामावरून त्या कामावर फडफडत होती.

“जरा इकडे ये गं.”

बागेत स्टुलावर त्यानं सगळी तयारी मांडली होती. ब्लेड, पट्टी, शेजारच्या गुलाबाची फांदी. समोरच्या कुंडीतल्या रानगुलाबाची साल चिरून ठेवलेली.

“कलम करायचंय. या फांदीचा डोळा, हा इवला कोंब, काढायचा आणि अलगद या सालीत बसवायचा. माझी बोटं टाइपरायटर बडवून बडवून जाड झालीत. तुझा हात हलका. तुझ्यासाठीच ठेवलंय.”

“दूध उतू जाईल.”

“दूध तापवलंस मघाशी. दोनदा.”

तिनं झारी उचलली आणि वाफ्यात पाणी ओतत सुटली.

“टोमॅटोला पोहायला शिकवतेस का?”

ती हसली नाही. फांदीवर त्यानं ओलं फडकं टाकलं, नखांतली माती कोरत बसला.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “ज्या हातानं माणसं जगवली, त्याला मी कुंड्या सारायला लावल्या.”

“तसं नाही हो.”

“तसंच आहे. घर खायला उठतं तुला. दिसतं ना मला. म्हणून... रागावू नकोस हं. काल भाजी आणायला म्हणून निघालो आणि तुझ्या इस्पितळात गेलो.”

झारीची धार थांबली.

“मोठे डॉक्टर भेटले. काय खूश झाले म्हणून सांगू! लहान मुलांच्या वॉर्डात सकाळची पाळी अजून रिकामी आहे. एखाद्या पोराची शीर सापडेना, की आजही तुझंच नाव निघतं म्हणे. सोमवारपासून पाठवा म्हणाले. मी हो म्हणून आलो.”

परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा त्याचा चेहरा उजळला होता. तिनं त्या चेहऱ्याकडे पाहिलं, झारी खाली ठेवली आणि स्टुलासमोर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच. फडकं बाजूला करून तिनं ब्लेड घेतलं, फांदीला टेकवलं. टोक एका जागी ठरेना. डोळा अर्धवट चिरला आणि निसटून मातीत पडला.

“असू दे, असू दे, दुसरा आहे,” तो घाईनं वाकला.

“राहू द्या.” तिनं हात मागं घेतला नाही. तसाच त्याच्यासमोर धरला, थरथरता. “कंटाळा आला नव्हता हो मला. एका लेकराच्या मनगटात सुई घालताना हे सुरू झालं. त्याची आई माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांना सांगा, तिच्या हाताला आता सुई धरवत नाही.”