रंगात शिजलेले हरभरे

मी एक जुने तांब्याचे पातेले आहे. जुने आहे म्हणून शांत असेन असे मात्र समजू नका, मित्रांनो! मला मुळी स्वस्थ बसवतच नाही. मला पालथे घालून ठेवले, तरी गल्लीतून टांगा गेला की मी थरथरते आणि माझ्यावर निजलेले मांजर दचकून पळते.

नाशिकच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. माझ्या अंगातली चुळबूळ बहुधा त्या ठोक्यांचीच. तिथून मी जुन्या नाशकात गुलजारबींच्या घरी आले. ईद असो की लग्न, पुलाव माझ्यातच शिजायचा. "भांडं असावं तर असं," असे पाहुणे म्हणाले की मला आभाळ ठेंगणे व्हायचे. पण पुढे घरोघर स्टील आले. कल्हईवाला गल्लीत फिरकेनासा झाला, माझी कल्हई उडाली, आणि बिनकल्हईच्या तांब्यात कोण शिजवणार? मला जिन्याखाली टाकले. तिथे मी काही वर्षे नुसती तळमळत काढली.

मला बाहेर काढले ते सिताराने. गुलजारबी गोधड्या शिवत. बायका घरातली जुनी लुगडी, धोतरे आणून देत आणि गुलजारबी थरावर थर घालून टाके मारत. सितारा त्यांची सून, मालेगावात मागांच्या खडखडाटात वाढलेली. तिचे नि माझे लगेच जमले, कारण तिलाही एका जागी बसवत नसे.

"अम्मी, सगळ्या गोधड्या अशा फिकट का? गाठी बांधून कापड रंगवलं तर किती छान दिसेल!"

"रंगव बाई. पण माझ्या स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावू नकोस."

म्हणून माझी आठवण झाली. आणि मग काय विचारता! कोऱ्या मांजरपाटाची खळ न धुताच तिने ते रंगात बुडवले, तर रंग वरच्या वर बसला आणि पहिल्याच धुण्यात वाहून गेला. नदीतले खडे बांधले, तर गाठी सुटल्या. लाल रंग माझ्या उघड्या तांब्यात मळकट व्हायचा. निळा तेवढा झकास चढायचा. शेवटी तिने मूग बांधून पाहिले. कापड पटकन बुडवून काढले आणि सोडले, तर निळ्यावर इवली इवली पांढरी वर्तुळे! ती आनंदाने नाचली आणि मीही चुलीवर डुगडुगले. पण समाधान मानेल तर ती सितारा कसली? तिला आता मोठी वर्तुळे हवी होती आणि रंगही गडद हवा होता.

त्याच सुमारास भिमाबाई आल्या. त्या पलीकडच्या वस्तीतल्या. लेकीला मुलगी झाली होती, तिच्यासाठी गोधडी हवी होती. गाठोड्यातून त्यांनी एक पांढरे लुगडे वेगळे काढले. "हे पोटात घाल, गुलजारबी. नागपूरला दीक्षा घेतली तवा हेच नेसले होते. नातीला त्याची ऊब लागू दे."

सितारा तेव्हा नळावर होती. तिने यातला एक शब्दही ऐकला नाही. परत येऊन पाहते तो काय, लोण्यासारखे मऊ पांढरे कापड! तिने विचार केला, असले विरलेले कापड गोधडीच्या पोटातच जाणार, ते कोण बघतो? तिने कोणाला विचारले नाही. त्यात टपोरे हरभरे बांधले, दोरा करकचून आवळला, संध्याकाळी निळ्या रंगात भिजत घातले आणि सकाळी मला चुलीवर चढवले.

हरभऱ्याचे काय होणार हे पातेल्याला कळणार नाही तर कुणाला? माझ्या पोटात ते टचटचीत फुगत होते आणि घड्यांत विरलेले ते लुगडे ताणत होते. मी खदखदले, झाकण आपटले. सितारा म्हणाली, "वा, मस्त उकळतंय!"

गार झाल्यावर तिने गाठी सोडल्या. दर गाठीतून एक शिजलेला हरभरा निघाला आणि त्याच्या जागी एक भोक.

"या अल्ला!" गुलजारबी ओरडल्या. "रंगवायला बसलीस की उसळ करायला? आणि हे लुगडं कुठलं, ठाऊक आहे तुला?" त्यांनी सांगितले, तशी सिताराने हातातला दोरा खाली टाकला. "उद्या भिमाबाई येतील. त्या रडत गेल्या ना, तर हे पातेलं मोडीत जाईल, आणि पुन्हा या घरात रंगाचं नाव काढायचं नाही!"

मोडीत म्हणजे हातोडा, भट्टी आणि खेळ खलास. मला भीती वाटली, खोटे कशाला सांगू?

भिमाबाई आल्या. सिताराने काही लपवले नाही. तिने स्वतःच लुगडे त्यांच्यापुढे पसरले. भिमाबाईंनी एका भोकात बोट घातले आणि लुगडे उजेडात धरून पाहिले.

"रंग चांगला चढलाय," त्या म्हणाल्या. मग त्या सिताराकडे वळल्या. "पण पोरी, मला विचारलं का नाही? मी हो म्हणाले असते का नाय म्हणाले असते, माझं मलाच ठाऊक नाय. पण ते मला म्हणू द्यायचं होतंस."

सितारा हुंदके देऊ लागली. "चुकले, मावशी."

भिमाबाईंनी डोळे पुसले. "आता पोटात नको घालू. वर लाव. भोकं बुजव, पण ठिगळं दिसू दे. आत दडवलं असतं, तर हे कुठलं लुगडं, ते नात मला कधी विचारणार होती?"

असे माझे मोडीत जाणे टळले. पण त्या दिवसापासून सितारा गाठोडे सोडण्याआधीच प्रत्येक बाईला विचारू लागली, "यातलं काही रंगवू का?" पुष्कळ जणी म्हणतात, "नको गं, आहे तसंच राहू दे." मग ती मुकाट्याने सुई उचलते आणि मी कोरडे पडून राहते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला घासा, पुसा, जपा. मला नाही घासलेत तरी चालेल. पण दुसऱ्याचे जुने कापड हाती आले, तर कितीही हात शिवशिवले तरी आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर मला रिकामेच राहू द्या. माझा जीव तळमळेल, पण मी राहीन.