सात गाठींची पेटी

पूर ओसरल्यावर नुकसानीचे अर्ज भरून घ्यायला तालुक्याहून एक मुलगी आली. डुकरं किती वाहून गेली, फ्रीज होता का, घराचे खांब हलले का, असं ती विचारत होती. माझ्या सासऱ्यांनी डुकरांचं नावसुद्धा काढलं नाही. ते म्हणाले, "माझी शवपेटी गेली."

मुलगी दचकली. आत कोण होतं, असं तिने हळूच विचारलं.

"अजून कुणी नाही," सासरे म्हणाले. "मीच जाणार होतो."

अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. सासरे तिच्यावर रुसले, आणि ती गेल्यावर सगळा राग माझ्यावर निघाला, कारण घरात दुसरं कुणी नव्हतंच. नवरा दूर ग्वांगतुंग प्रांतात कारखान्यात. तो फोनवर म्हणतो, बाबांना सांभाळ. चौदा वर्षं दुसरं काय करतेय मी?

आमच्या डोंगरात मूल जन्मलं की बाप त्याच्या नावाने एक सरळसोट वाढणारं झाड लावतो. पान यानशोउ, म्हणजे माझे सासरे, साठीला आले तेव्हा त्यांचं झाड तोडलं. खोड एवढं जाड निघालं, की सुताराने त्यातून दोन पेट्या काढल्या, एक त्यांची आणि एक सासूबाईंची. सासूबाई चार वर्षांपूर्वी आपल्या पेटीतून टेकडीवर गेल्या. शेजारची जागा सासऱ्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली. एकाच झाडात झोपायचं, असं त्या दोघांचं ठरलं होतं.

सासरे आपल्या पेटीला दरवर्षी तेल लावायचे. थंडीत आत आडवे होऊन बघायचे, आणि बाहेर आले की तक्रार करायचे, जाड कोट घातला की खांद्यात घट्ट होते. मी म्हणायचे, मग त्या दिवशी कोट घालू नका. पण एवढी मोठी पेटी नुसती रिकामी ठेवण्याइतके ते उधळे नव्हते. आत मका असायचा, चिकट तांदूळ असायचा, धुरावलेली डुकराची तंगडी आणि आंबवलेल्या माशांची बरणी असायची. मला कळत नाही अशा समजुतीने कोपऱ्यात दारूचे दोन बुधले असायचे. झाकणावरून दोर घेऊन ते सात गाठी मारत. उंदरांपासून सांभाळायला, असं सांगत. उंदरांना गाठी सोडवता येत नाहीत, तेव्हा त्या कुणासाठी होत्या हे मला न विचारताच कळत होतं.

पूर सकाळी आला. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात पाणी अंगणातून जिन्याच्या चौथ्या पायरीवर चढलं. डोंगरातले दगड नदीत गडगडत होते, त्या आवाजात शेजारणीची हाकही ऐकू येईना. सासरे पेटीवर मांडी घालून बसले होते आणि उठायला तयार नव्हते. मी त्यांना दंडाला धरून अक्षरशः फरफटत चढावर नेलं. वरून पाहिलं, तर आमचं खालचं दार निखळलं आणि पेटी बाहेर आली. घाई नाही, गिरक्या नाहीत. वाटेत शेजाऱ्यांच्या डुकरिणीने तिच्यावर चढायचा प्रयत्न केला, तिलाही दाद दिली नाही.

"बघ, एक थेंब आत शिरत नाहीये," सासरे म्हणाले. आणि मग एकदम रडायला लागले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाच तेवढं रडताना पाहिलं होतं.

आमचा छपराचा पूल गेला. नदीकाठची सगळी शेती दगडांखाली गेली आणि घराघरांत गुडघाभर चिखल बसला. सारं गाव फावडी घेऊन उपसत होतं. सासरे मात्र ओट्यावर बसून असायचे. आता मी मरू कसा, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. मी एकदा म्हटलं, मरता येत नसेल तर फावडं धरा. दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मदतीचे तांदूळ घेऊन ट्रक आला. ड्रायव्हरने बातमी आणली, की खाली पिंगझाई गावात नदीतून एक शवपेटी आली होती आणि गावाने ती फटाके वाजवून, रडून, रीतसर पुरली. सासरे ओट्यावरून उठले. आभार मानायला एक कोंबडी घेतली, आणि पोत्यात पहार घातली. कोंबडी माझ्या मांडीवर, पहार त्यांच्या मांडीवर, असे आम्ही त्याच ट्रकने निघालो. आधी कोंबडी द्यायची, मग जेवायचं, आणि पेटीचं सगळ्यात शेवटी काढायचं, हे त्यांनी मला वाटेत चार वेळा बजावलं. पुरलेलं उकरणं म्हणजे लहान गोष्ट नाही, हे त्यांनाही कळत होतं.

पिंगझाईचे गावप्रमुख शूकाका भला माणूस. त्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती, तरी त्यांनी आम्हाला आंबट रस्सा वाढला, दारू ओतली, आणि आम्ही कोंबडी पुढे करायच्या आतच विषय स्वतः काढला. पेटी उचलायला बारा जण लागले म्हणे. चांगला अंगापिंडाने भरलेला गृहस्थ असणार. वास तर असा, की झाकण उघडायची कुणाची छाती झाली नाही.

"बरणी लवंडली," सासरे माझ्या कानात म्हणाले. मी रश्श्यात तोंड खुपसलं.

"आणि दोराला सात गाठी," शूकाका म्हणाले. "पुरात सुद्धा आपलं माणूस हरवू नये म्हणून घरच्यांनी बांधलं असणार. किती जीव असेल त्यांचा. आमच्या बायका त्या गाठी बघूनच रडायला लागल्या."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गावाने वाचलेल्या दोन डुकरांतलं एक त्या दिवशी कापलं होतं. नाव माहीत नाही म्हणून थडग्यावर 'वरच्या गावचे आजोबा' असं लिहिलं होतं. सासऱ्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात शूकाका म्हणाले, चला, दाखवतो.

थडग्यापाशी एक बाई बसली होती. मानफंग तिचं नाव, साठीची असेल. तिने भाताचा वाडगा ठेवला होता, पेला भरला होता, आणि आतल्या माणसाला रागे भरत होती, की काल पाऊस पडला तर पानं झाडायला मलाच यावं लागलं. शूकाकांनी हळूच सांगितलं, हिचा नवरा म्हैस सोडायला गेला आणि पाण्याने नेला. म्हैस परत आली, तो सापडला नाही.

सासरे तिच्याशेजारी उकिडवे बसले. "वहिनी, हे तुमचे कोण?"

"कुणी नाही." तिने भातावरची माशी हाकलली. "आमचे खाली गेलेत. खाली कुठेतरी कुणी त्यांना वाढत असेल, नाही का? म्हणून मी ह्यांना वाढते. नाही वाढलं तर तिकडचीही नाही वाढणार, असं वाटतं." मग तिने सासऱ्यांकडे नीट पाहिलं. "तुम्ही वरचेच ना? हे तुमचे का? न्यायला आलात?"

पहारेचं पोतं माझ्या हातात होतं. मी ते पाठीमागे धरलं.

सासऱ्यांनी काखेतली कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली.

"नाही," ते म्हणाले. "आमची एक पेटी गेली खरी, पण ती अशी नव्हती. तिचं लाकूड अगदी सुमार होतं."

चौदा वर्षांत त्या पेटीला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं.

"ह्यांचं लाकूड मात्र एक नंबर," मानफंग म्हणाली. "सगळे तेच म्हणत होते."

"हो का?" सासरे म्हणाले. त्यांना ते फार आवडलं.

मग ते उठले आणि थडग्यापुढे तीन वेळा वाकले. सुनेने मागे राहणं बरं दिसत नाही, म्हणून मीही मक्याला, तंगडीला आणि त्या दोन बुधल्यांना तीन वेळा वाकून नमस्कार केला. हसू येईल अशी मला धास्ती होती. आलं ते रडू. कोंबडी त्यांनी मानफंगला दिली. चार पावलं चालून पुन्हा वळले.

"वहिनी, ह्यांच्या भाताबरोबर मिरची ठेवत जा. जरा जास्तच."

"तुम्हाला काय माहीत?"

"वरच्या गावचे सगळे म्हातारे खातात."

परतीच्या ट्रकमध्ये बराच वेळ ते नदीकडे बघत होते. नदी आता एवढीशी, घोट्याएवढी, जसं काही तिने काही केलंच नाही. मग म्हणाले, "तुझ्या सासूला काय सांगू? तिला वचन दिलं होतं."

"उसनी दिली म्हणून सांगा," मी म्हटलं. "त्यांनी मीठमिरची कुणाला उसनी दिली नाही? त्यांना समजेल."

त्यांनी मान हलवली. पुढच्या वळणावर मला वाटलं, डोळा लागला यांचा. पण लागला नव्हता.

"सूनबाई, मिरची लक्षात ठेवेल ना ती?"

ठेवेल, मी म्हटलं. पुढच्या महिन्यात जाऊन बघून येऊ.